बॉडी बदलू की लेन्स घेऊ? नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

नाशिकरोड

माझ्याकडे कॅनन १५००डी कॅमेरा आहे आणि त्याच्या जोडीला १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, एरवी गोदाघाट, शिवाय घरातल्या मुंजी-बारशी-लग्नं, असं माझं फोटो काढणं चालतं. यंदा भिशी लागली. त्यात शिल्लक मिळवली की लाखाच्या आसपास रक्कम होते.

दुकानात दोन बॉड्या (म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे) सुचवल्या, कॅननचे मिररलेस (आत आरसा नसलेले) आर१० आणि आर७. आर७ घेतला तर सगळे पैसे तिथेच संपतात. आर१० घेतला तर थोडे उरतात, पण चांगल्या लांब लेन्सपुरते उरत नाहीत. आणि घरात मुलगा म्हणतो, आई, बॉडी आहे ती राहू दे, लेन्स घे.

तुलनेचे तक्ते मी पुष्कळ वाचलेत. मला तुमच्याकडून हवं आहे ते असं: तुम्ही आधी काय घेतलंत, आणि त्यानंतर असा कोणता फोटो मिळायला लागला, जो आधी मिळत नव्हता? आपल्याकडची ठिकाणं आणि आपल्याकडचा उजेड धरून सांगा. मनापासून वाचणार आहे.

पंचवटी

ताई, मी आजही १५००डीच वापरतो. माझे बहुतेक फोटो रामकुंड ते नारोशंकर मंदिर एवढ्याच पट्ट्यातले, तेही दिवेलागणीनंतरचे. १८-५५ लेन्स ५५ वर नेली की तिचं छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). आरतीच्या वेळी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ठेवूनही शटर १/३० सेकंदापेक्षा वेगवान होत नसे. ओवाळणारा हात तर थांबत नाही. ज्योत, हात, समोरचे चेहरे, सगळंच पुसट.

५० मिमी एफ/१.८ घेतली, दहा हजारांच्या आतबाहेरची. ५.६ वरून १.८ वर आलं की सेन्सरवर जवळपास दहापट उजेड पडतो. त्याच घाटावर, त्याच आयएसओला मला १/२५० मिळू लागला. आरती ओवाळणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसावा इतका चेहरा स्पष्ट आला, तो फोटो आमच्या बैठकीत लावलाय. सेन्सरचा आकार तोच ठेवून बॉडी नवी घेतली असती तर फार तर एक-दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फायदा झाला असता. इथे तीनच्या वर मिळाले.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. या बॉडीचा सेन्सर लहान, म्हणून तिच्यावर ५० मिमीची लेन्स ८० सारखी अरुंद दिसते, आणि गर्दीच्या दिवशी घाटावर मागे सरकायला जागा नसते. म्हणून पुढे २४ मिमी एफ/२.८ ची चपटी लेन्सही घेतली. दुसरं, एफ/१.८ ला फोकसची पट्टी फार बारीक असते. डोळ्यावरच फोकस धरा, नाकावर बसला तर डोळे गेले.

(थोडं अवांतर: काळारामाचा काळा दगड चौकटभर आला की मीटर (कॅमेऱ्याचा उजेडमापक) फसतो आणि दगड राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, मग तो खरा काळा येतो.)

निफाड

राम राम ताई. नांदूरमध्यमेश्वरचं नाव काढलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा आमचा हा बंधारा २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून गर्दी वाढली. पक्षी मात्र माणसापासून आपलं अंतर राखूनच बसतात, आणि खरा प्रश्न त्या अंतराचा आहे.

तुमची २५० या बॉडीवर ४०० सारखी दिसते. चापडगावच्या मनोऱ्यावरून ती पुरत नाही. पक्षी चौकटीच्या मध्यावर एवढासा येतो, मग घरी येऊन क्रॉप करायचं आणि पिसांच्या जागी खरखर बघायची. मी आधी लेन्स घेतली. कॅननची जुनी १००-४००, दुसरी आवृत्ती, सेकंडहँड. बॉडी तुमच्याच जातीची, जुनी. चमचा, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, जे काही बसलेलं किंवा सावकाश चरणारं होतं, ते सगळं त्या दिवसापासून मिळू लागलं. पाणकोंबडीच्या पाठीवरचा निळा आणि जांभळा वेगवेगळा दिसू लागला.

मिळत नव्हता तो भोवत्या, हा शिकारी पक्षी. दलदली भोवत्या पाणकणसावरून खालून येतो, त्याला पाहून बदकं आणि वारकरी (कूट पक्षी) एकदम उठतात, आणि सगळा खेळ दोन-तीन सेकंदांत आटोपतो. १५००डीला फोकसचे ९ बिंदू आणि सेकंदाला ३ फोटो. पक्षी मधल्या बिंदूवरून हलला की फोकस मागच्या पाणकणसाला चिकटतो. तिथे कितीही महागडी लेन्स लावा, उपयोग नाही. त्यासाठी मी नंतर आर७ घेतला. पक्ष्याचा डोळा तो स्वतः ओळखतो आणि चौकटीत कुठेही गेला तरी सोडत नाही. उडत्या बदकांच्या गर्दीतून वळणारा भोवत्या मला बॉडी बदलल्यावरच मिळाला, हे मी कबूल करतो.

आता तुमच्या दोन बॉड्यांचं. डोळा ओळखण्याचं काम आर१० सुद्धा करतो, आणि यांत्रिक शटरवर दोघेही सेकंदाला १५ फोटो काढतात. आर७ मध्ये जास्तीचं काय, तर ३२.५ मेगापिक्सेल (आर१० मध्ये २४.२), सेन्सरचं स्थिरीकरण, दोन मेमरी कार्डांची सोय आणि धूळ-पाण्यापासून बरं संरक्षण. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) सलग दाबून धरलं तर आर१० लवकर थबकतो. पक्ष्यांपुरतं माझं मत विचाराल तर आधी लेन्स, मग आर१०, आणि पैसे उरले तरच आर७. उलटं केलंत तर नव्या बॉडीवरही पक्षी तेवढाच लहान दिसणार.

जुन्या ईएफ माउंटच्या, म्हणजे तुमच्या सध्याच्या बॉडीच्या जोडणीच्या, लेन्स नव्या आरएफ माउंटच्या बॉडीवर कॅननच्या अडॅप्टरने नीट चालतात, फोकससकट. त्यामुळे आज घेतलेली लेन्स उद्या वाया जाईल ही भीती काढून टाका.

आणि सकाळी या. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. मग लाखाच्या लेन्समधूनही पक्षी धुरकटच दिसतो, त्यावर कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडची थंडी ठाऊकच असेल, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा दरवर्षी पेपरात येतो. त्या गारठ्यात बॅटरी लवकर उतरते. दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

सिडको

मी लग्नाच्या ऑर्डरी करतो, त्यामुळे माझं गणित वेगळं. अंतरपाट एकदाच खाली येतो. त्या क्षणाला कार्ड रुसलं तर नवरीच्या बापाला काय सांगणार? एका हळदीत माझं एक कार्ड मधेच वाचायचं बंद झालं. दुसऱ्या खाचेतल्या कार्डावर सगळं होतं म्हणून निभावलं. पैसे घेऊन काम करणाऱ्याने दोन कार्डांची बॉडी आधी घ्यावी, यावर मी वाद घालायला तयार आहे.

औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर रात्री पिवळे बल्ब, जांभळे एलईडी आणि वरून धूर. तिथे जुन्या बॉडीचा फोकस पुढेमागे शोधत बसतो. नव्या मिररलेसला चेहरा पटकन सापडतो. म्हणून माझ्याकडे दोन बॉड्या, एकीवर २४-७० एफ/२.८, दुसरीवर ८५ एफ/१.८. मंगलाष्टकं चालू असताना लेन्स बदलत नाही. अक्षतांचा एक दाणा आत गेला तर काय होईल, याचा विचारही नको.

पण ताई, तुमचं काम घरचं आहे. घरच्या बारशाला खिडकीजवळ बाळ घ्या आणि ५० एफ/१.८ लावा. पंचवटीवाल्या दादांचं बरोबर आहे.

कॉलेज रोड

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. श्रावणात अंजनेरीच्या पठारावर जाते ती कंदीलपुष्पांसाठी. त्यातली एक जात, सेरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगराच्या नावाने ओळखली जाते. फूल गवतात लपलेलं, नाजूक आणि वाऱ्यावर सतत हलतं. इथे फोकस हाताने करायचा असतो, त्यामुळे बॉडी सेकंदाला ३ फोटो काढते की १५, याने काहीच फरक पडत नाही. सुरुवातीला मी किट लेन्सच्या मागे एक्स्टेन्शन ट्यूब लावायचे, नंतर ९० मिमीची मॅक्रो घेतली. फुलाच्या नळीच्या आतले केस तेव्हा पहिल्यांदा मोजता येण्यासारखे दिसले. छिद्र एफ/११, वर लहान फ्लॅश आणि फ्लॅशपुढे पांढरा कागद. आयएसओ १००-२०० च्या वर जात नाही, म्हणून जुन्या बॉडीची खरखर कधी आड आली नाही.

बॉडी बदलली ती एकाच कारणाने. १५००डीचा मागचा पडदा (स्क्रीन) वळत नाही. जमिनीलगतचं फूल काढायचं तर चिखलात गाल टेकवावा लागतो, आणि तसं झोपताना आजूबाजूची रोपं चिरडतात. माझ्या जिवाला हे फार लागायचं. या पठारावरची काही रोपं जगात दुसरीकडे क्वचितच सापडतात, त्यांच्यावर झोपून त्यांचाच फोटो काढायचा? वळणाऱ्या पडद्याची बॉडी आली आणि आता मी पायवाटेच्या कडेला उकिडवी बसून, हात लांब करून काढते. वैशिष्ट्यांच्या यादीत हा मुद्दा शेवटी असतो, माझ्यासाठी तो पहिला ठरला.

पावसाळ्यात लेन्सची काळजी घ्या. ओली बॅग तशीच कपाटात ठेवली की बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असावा.

देवळाली कॅम्प

मी निकॉनवाला, निवृत्त. माझ्याकडे फिल्मच्या काळातल्या एएफ-डी लेन्स आहेत, त्यांना फोकससाठी बॉडीतली मोटर लागते. डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे त्यांच्यावर या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला एफटीझेड अडॅप्टर लावलं तरी तेच. मी सेकंडहँड डी७२०० घेतला, त्यात मोटर आहे. एका बॉडीच्या पैशांत घरातल्या सगळ्या जुन्या लेन्स पुन्हा कामाला लागल्या. नातीचा पहिला वाढदिवस मी तिच्या आजीच्या तरुणपणी वापरलेल्या ५० मिमीने टिपला.

सांगायचं ते हे, की बॉडी घेताना कपाटात कोणत्या लेन्स आहेत ते आधी काढून बघा.

त्र्यंबक

ब्रह्मगिरी, हरिहर, असे डोंगर करतो. मी दोन्ही घेतलं नाही, ट्रायपॉड घेतला. किट लेन्स एफ/८ ला ट्रायपॉडवर उत्तम चालते. वजनही बघा, हरिहरच्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत घालावे लागतात.

जुने नाशिक

रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगीत पाण्याच्या मोठ्या हौदाजवळ) जाणार असाल तर ‘वेदर सील’ या शब्दावर विसंबू नका. तिवंध्याच्या रहाडीत माणूस उडी मारतो तेव्हा रंगीत पाणी गॅलरीपर्यंत येतं. सील म्हणजे जलरोधक नव्हे, आणि लेन्सला सील नसेल तर बॉडीच्या सीलचा तिथे उपयोग नाही. मी जुनी बॉडी, ५५-२५० आणि वरून प्लास्टिक बांधून वरच्या मजल्यावर उभा राहतो. ५५-२५० हलकी आहे आणि मला तिच्यातून उडीचा फोटो दरवर्षी मिळतो. तुमच्याकडची ही लेन्स विकू नका.

नाशिकरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता मी एक केलं. गेल्या दोन हिवाळ्यांतले टाकून दिलेले फोटो उघडले आणि प्रत्येकाचं शटर, छिद्र, फोकल लांबी पाहिली. घाटावरचे आणि घरातले बहुतेक फोटो १/४० च्या खालचे, हललेले. पक्ष्यांचे जवळजवळ सगळे २५० वर, आणि तरी पक्षी लहान. उडते पक्षी फोकसमुळे गेले असेही आहेत, पण कमी, कारण मी उडते फारसे काढायला जातच नाही.

म्हणून ५० एफ/१.८ लगेच घेते. लांब लेन्ससाठी सिग्माची १००-४०० ईएफ माउंटमध्ये सेकंडहँड बघतेय, साधारण सव्वा किलोच्या आतली आहे, माझ्या खांद्याला झेपेल. उरलेले पैसे बॉडीसाठी बाजूला. निफाडवाल्या दादांचं ऐकून बॉडी पुढे आर१० घेईन, आणि कॉलेज रोडच्या ताईंमुळे त्याच्या वळणाऱ्या पडद्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहतेय. सेकंडहँड लेन्स घेताना काय तपासायचं, तेवढं कुणी सांगाल?

सिडको

मी सांगतो. दिवसा जा, स्वतःची बॉडी घेऊन जा. दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च टाका आणि समोरून तिरपं बघा. धुळीचे चार कण चालतात. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा तिथेच सोडा. छिद्र सगळ्यात लहान ठेवून फोटो काढा, पात्यांवर तेल असेल तर ती अडखळतात. झूम आणि फोकसची रिंग फिरवताना करकर येता कामा नये. ४०० वर, छिद्र पूर्ण उघडं ठेवून, दूरच्या पाटीचा फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स पडलेली असू शकते. स्थिरीकरण चालू-बंद करून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थांबतं का ते बघा. माउंटचे स्क्रू खरवडलेले असतील तर लेन्स कुणी उघडली होती का, ते स्पष्ट विचारा.

बिल असेल तरच घ्या. आणि पैसे देण्याआधी एक तासाची मुदत मागा. तेवढ्यात कार्ड लॅपटॉपवर नीट पाहून होतं.