मदत हवी आहे: स्पेस स्टेशन चंद्रावरून जाणार ते पाच दिवस आधी अचूक कसं काढावं?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चंद्रबिंबावरून जाताना मुलांना दाखवायचंय आणि टिपायचंही आहे. स्थानक डोक्यावर असेल तर सगळा खेळ अर्ध्या सेकंदात आटोपतो आणि ते जिथून दिसतं तो जमिनीवरचा पट्टा जेमतेम चार किलोमीटर रुंद असतो. भोर-वाईकडच्या माळावर दुर्बिणी लावायच्या तर गाड्या, जागामालकाची परवानगी, पालकांशी बोलणं हे आदल्या रात्री जमत नाही.

सध्या पायथनमध्ये स्कायफील्ड हे खगोलगणिताचं पॅकेज वापरतोय, म्हणजे आत एसजीपी४ हे उपग्रहाची जागा काढायचं ठरलेलं सूत्रच. ताज्या टीएलईवर (उपग्रहाच्या कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळी) त्या दिवसापुरतं गणित छान बसतं. पण पाच दिवसांनंतरची वेळ रोज नव्या टीएलईवर काढत गेलो की ती सेकंदा-सेकंदाने सरकते. एसजीपी४मध्ये हवेचा अवरोध बी-स्टार या एका आकड्यात बांधलेला. सौर वादळाने वरचं वातावरण फुगलं तरी त्याला पत्ता नसतो. अवरोध वाढला की कक्षा खाली येते, फेरी लवकर पुरी होते आणि स्थानक लवकर पोचतं.

वेळेचं निभावेल, कॅमेरा आधीच चालू ठेवू. काळजी पट्ट्याची आहे. स्थानक दहा सेकंद लवकर आलं तर आपल्या अक्षांशावर पृथ्वी जवळपास साडेचार किलोमीटर कमी फिरलेली असते, म्हणजे पट्टा तेवढा पूर्वेला. ईशान्येकडे किंवा आग्नेयेकडे तिरक्या जाणाऱ्या पट्ट्यात एवढ्याने अख्खी जागाच हुकेल.

ओरेकिट या कक्षागणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये संख्यात्मक मॉडेल (बलं धरून कक्षा पावलापावलाने काढणारं) चालवावं का? टीएलईतले मूलांक, म्हणजे कक्षेचे आकडे, सरासरी असतात, ते थेट घालता येत नाहीत. म्हणून एसजीपी४ने दोन दिवसांच्या स्थिती काढून त्यांवर लघुतम वर्गांनी (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) कक्षा बसवायचा विचार आहे. वातावरणासाठी एनआरएलएमएसआयएसई-०० हे वरच्या हवेच्या घनतेचं मॉडेल. पण एवढं करून पाच दिवसांत खरंच फरक पडतो का? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

दुसऱ्या कुठल्या उपग्रहासाठी हेच करा म्हटलं असतं. स्थानकासाठी मात्र नको, कारण मध्येच इंजिन पेटवून कक्षा उचलली तर तुमचं उत्तम मॉडेलही फसणार. नासा स्थानकाची पुढच्या सुमारे १५ दिवसांची स्थिती आणि वेग जाहीर करते, दर चार मिनिटांचे, नियोजित कक्षाबदल धरून. ती ओईएम फाइल (वेळेनुसार स्थिती-वेगांचा तक्ता) घ्या.

दोन ठिकाणी जपा. चार मिनिटांत स्थानक १८०० किलोमीटर जातं, तेव्हा मधल्या स्थिती सरळ रेषेने काढू नका. वेगही दिलेला आहे, स्थिती आणि वेग दोन्ही धरून मधले आकडे काढणारं हर्माइट अंतर्वेशन वापरा. दुसरं, फाइल जे२००० चौकटीत (सन २००० चे अक्ष धरलेल्या) आहे आणि एसजीपी४ टीईएमईमध्ये (त्या-त्या तारखेचे अक्ष धरलेल्या चौकटीत) उत्तर देतं. चौकट न बदलता दोन्ही ताडून पाहिले तर अयनचलनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे) चाळीसेक किलोमीटरपर्यंत फरक दिसेल आणि दोष भलत्याच गोष्टीला जाईल. आधी आजच्याच टीएलईशी आजची फाइल जुळवून बघा. फरक एखाद-दोन किलोमीटरच्या आत आला की मग पुढच्या तारखा काढा. वादळाचा इशारा असेल तर मात्र आदल्या दिवशीच्या फाइलवर पट्टा पुन्हा काढाच, आणि जागा पट्ट्याच्या मधोमध निवडा.