अनुभव धागा: डाएट, उपवास आणि आपली श्रद्धा

ईस्टर झाला, त्याआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळही संपला. "या उपवासकाळात पाच किलो तरी उतरवायचेच" हे चर्चच्या आवारात इतक्यांदा ऐकलं, की हा धागा काढावासा वाटला. कॅथलिक चर्चचा उपवासाचा नियम तसा सौम्य आहे. १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसाने राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी एक पूर्ण जेवण घ्यायचं आणि दोनदा थोडं खायचं. आजारी माणसांना आणि गरोदर बायकांना त्यातूनही सूट आहे. मग ही चढाओढ कुठून आली? तुमचे अनुभव लिहा, पंथ कोणताही असो.

वसईहून
कॉलेजात असताना मी उपवासकाळात आधी मटण-मासळी सोडली, मग भात, मग रात्रीचं जेवण. घरात कौतुक व्हायचं, पोरगी किती भक्तिभावाने पाळते! वहीच्या डाव्या पानावर त्या दिवसाचं वचन लिहायचे, उजव्या पानावर वजन, ग्रॅमसकट. ईस्टरनंतरही वही चालूच राहिली. पाळी बंद झाली, केस गळायला लागले, मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. कोणाला काही खटकलं नाही, कारण मी बारीक होत होते.

नाताळात दोन फुगे (आमच्याकडचे तळलेले गोडसर गोळे) खाल्ले, तेही मी पापनिवेदनात पाप म्हणून सांगितलं. फादर जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "उपवासात वाचलेलं अन्न कोणाच्या ताटात गेलं?" मला उत्तर देता आलं नाही. प्रायश्चित्त दिलं ते असं: आठवडाभर रात्री घरच्यांच्या पंगतीला बसून जेवायचं आणि आईला घेऊन डॉक्टरांकडे जायचं. इतकं अवघड प्रायश्चित्त मला आजवर कोणी दिलेलं नाही. बरं व्हायला मानसोपचारतज्ज्ञ लागले, आहारतज्ज्ञ लागल्या, वर्षं गेली. नुसत्या प्रार्थनेने भागलं असतं, असं मला कोणी सांगू नये.

नगरहून
आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत उपवासाचे असे नियम नाहीत. मी पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, मुलगी. बायबलमधल्या दावीद राजाच्या निवडीवर प्रवचन झालं, परमेश्वर बाहेरचं रूप नाही, हृदय पाहतो म्हणून. उपासना सुटली आणि पायरीवरच एक मावशी म्हणाल्या, "काय गं, किती सुटलीस! स्थळं कशी येणार?" त्यानंतर कितीतरी दिवस मी क्वायरच्या (चर्चच्या गायकवृंदाच्या) मागच्या रांगेत उभी राहिले. हे बोलणाऱ्यांना प्रेमाने पण तोंडावर थांबवायला हवं.

पुण्याहून
पुरुषांचंही लिहितो. "शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर" हे वचन जिममधल्या आम्हा ख्रिस्ती पोरांच्या तोंडी कायम असतं. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय सबंध वाचा. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे जारकर्माविषयी बोलतो आहे, चरबीविषयी एक शब्द नाही. उलट, शरीर तुमचं स्वतःचं नाही, मोल देऊन विकत घेतलेलं आहे, असं तो बजावतो. मी व्यायाम करतोच, पण आता नाताळच्या फराळातली करंजी वजन करून खात नाही.

मडगावहून
मला मधुमेह आहे. मोजून खाणं हे माझं औषध आहे. सरसकट सगळ्या पथ्याला वेड म्हणू नका, एवढीच विनंती.

एक धर्मभगिनी
मुलींना सिएनाच्या संत कॅथरीनची गोष्ट सांगताना आम्ही तिच्या न खाण्यावर फार भर द्यायचो. ती ३३व्या वर्षी, १३८० मध्ये गेली. इतरांसारखं खाता यावं म्हणून आपण देवाकडे मागतो, असं तिने स्वतः एका पत्रात लिहिलं आहे. आता मी तिने प्लेगच्या रोग्यांची सेवा केली ते सांगते, पोपला खडसावून पत्रं लिहिली ते सांगते. वसतिगृहात तिच्या नावाने उपाशी राहणारी मुलगी दिसली, की आधी जेवायला बसवते.

नाशिकहून, एक आई
वरचं वाचून धीर आला. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, उठवून भाकर दिली, आणि तीही दोनदा. मी मुलीशी तसंच वागायचा प्रयत्न करते आहे. डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत. ती पंधराची आहे, शाळेचा डबा तसाच परत आणते. तुमच्यापैकी कोणी या वयाच्या मुलीला यातून बाहेर काढलं असेल तर डब्याचं काय केलंत, शाळेत कोणाशी बोललात, ते लिहाल का?