जेट्टीजवळ वर्षानुवर्षं पडलेल्या बेवारस होड्या काढायच्या कशा? (ऐरोली-घणसोली बाजू)

खाडीकाठचा_पोर:

नमस्कार मंडळी. आमचं गाव ऐरोली आणि घणसोलीच्या मधल्या पट्ट्यात, खाडीला लागून. जेट्टी लहानच, रोज पंधरा-वीस होड्या लागतात, बहुतेक फायबरच्या, दोन-तीन अजून लाकडी. त्यांचा काही प्रश्न नाही, प्रश्न आहे बाजूला पडलेल्या सात होड्यांचा. कोण कधी सोडून गेलं कुणी धड सांगत नाही, काहींना पाच वर्षं झाली असतील, एक तर मी शाळेत होतो तेव्हापासून तिथेच आहे.

एक होडी चॅनेलच्या तोंडाशीच आडवी बसलीय. ओहोटीला पूर्ण दिसते पण अर्धी भरती झाली की नाळेचं, म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाचं, टोक तेवढं वर राहतं. गेल्या महिन्यात काकांची होडी पहाटे अंधारात तिच्यावर घासली, तळाला हातभर चीर, पॅच मारायला साडेतीन हजार गेले आणि चार दिवस धंदा बंद. दुसऱ्या एकीत पावसाचं पाणी साचलंय, मी वाकून बघितलं तर एका कोपऱ्यात डिझेलचा तवंग आणि बाकी सगळीकडे डासांच्या अळ्या वळवळतायत. तिसरीच्या तळाला भोक पडलंय आणि त्यातून तिवराचं रोप वर आलंय, माझ्या कमरेएवढं.

तीन ऑफिसांत अर्ज देऊन झाले. एका ठिकाणी म्हणाले ती जागा आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे तेच ऐकलं, तिसरीकडे अर्ज ठेवून घेतला त्याला आता आठ महिने झाले. गावातली पोरं वैतागलीत, म्हणतात एका रात्री डिझेल ओतून पेटवून देऊ नाहीतर कापून भंगारात घालू. काका म्हणतात, "दुसऱ्याची होरी हाय ती, ईचारल्याबिगर हात लावायचा नाय." मला दोघांचंही पटतं म्हणून इथे विचारतोय. कुणी असं काम केलंय का? सुरुवात कुठून करायची?

बंदरावरचा_माणूस:

भाऊ, सगळ्यात आधी पेटवायचा विषय डोक्यातून काढा. मी बरीच वर्षं बंदराच्या कामात काढलीत आणि रागाच्या भरात जाळलेली होडी दोनदा बघितलीय, दोन्ही वेळा नंतर मालक उगवला आणि केस झाली ती जाळणाऱ्यांवर. होडी चिखलात पडून आहे म्हणजे तिचा मालकी हक्क गेला असं होत नाही. कित्येकदा ती बँकेकडे तारण असते, हप्ते थकलेले असतात, मग तुम्ही कापलेली वस्तू मालकाची पण नसते, बँकेची असते.

तुमच्या अर्जात काय लिहिलं होतं माहीत नाही पण बहुतेक लोक "बेवारस होड्या हटवा" एवढंच लिहितात आणि ते कुठल्याच टेबलावर पुढे सरकत नाही. सातही होड्यांचा एकच अर्ज करू नका. प्रत्येक होडीचं वेगळं पान करा: नंबर, अंदाजे लांबी, लाकूड की फायबर, इंजिन आहे की काढून नेलंय, भरतीला बुडते का, फोटो एक ओहोटीचा आणि एक भरतीचा, मोबाईलमधलं लोकेशन. नंबर नाळेच्या दोन्ही बाजूंना असतो, आय एन डी एम एच अशा अक्षरांनी सुरू होतो. रंग उडाला असला तरी जुन्या ऑइलपेंटचा उठाव राहतो, रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरका धरा, आकडे दिसतात. तो नंबर घेऊन मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे जायचं, नोंदणी आता रिअलक्राफ्ट नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवर असते, मालक कोण ते त्यांना दिसतं.

चॅनेलमधली होडी मात्र वेगळी धरा. तिथे मुद्दा कचऱ्याचा नाही, जलवाहतुकीला अडथळ्याचा आहे. अडथळा करणारं बुडालेलं जहाज किंवा होडी मालकाला नोटीस देऊन काढायला लावायची, त्याने नाही काढलं तर स्वतः काढून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा हा अधिकार बंदर अधिकाऱ्याकडे १९०८ च्या बंदर कायद्यापासून चालत आलाय, त्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवीन कायदा झाला. म्हणून तो अर्ज महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याच्या नावाने द्या, विषयात "जलमार्गातील अडथळा" हे शब्द घाला आणि काकांच्या होडीच्या दुरुस्तीची पावती जोडा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आणि एक प्रत सागरी पोलिसांना. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर बिनमालकाच्या होडीकडे ते दुर्लक्ष करत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला ती मोकळी बोट लागली होती आठवतं ना, आत एके-४७ सापडल्या, सगळा रायगड जिल्हा अलर्टवर गेला आणि शेवटी निघालं काय तर जूनमध्ये मस्कतहून युरोपला जाताना इंजिन बंद पडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि बोट तशीच समुद्रात राहिली, ती दोन महिने वाहत वाहत आपल्या किनाऱ्याला आली. तुमच्याकडे एखादी अनोळखी होडी नव्याने येऊन लागली तर आत चढू नका, १०९३ ला फोन करा.

तांडेलाची_लेक:

दादा, मी ठाण्याची, चेंदणी कोळीवाड्यातली. तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण अशीच एक होडी आमची होती.

बाबा गेले तेव्हा होडी किनाऱ्याला होती. भाऊ नोकरीला लागलेला, त्याला जाळ्याची सवयच नाही, दोन चुलते म्हणत होते होडीत आमचाही हिस्सा आहे, कागदावर नाव बाबांचंच राहिलं. वारस लावायचे म्हणजे सगळ्यांच्या सह्या पाहिजेत आणि एक चुलता सही देत नव्हता. विकता येईना, मोडता येईना. पहिल्या वर्षी पावसाळ्याआधी भावाने ताडपत्री घातली, दुसऱ्या वर्षी नाही घातली. फळ्यांच्या सांध्यांतला कापूस निघाला, मग पाणी आत यायला लागलं. लोक म्हणायचे यांना काय पडलेली नाही. पण आई चार वर्षं त्या वाटेने बाजारात गेली नाही, लांबून फिरून जायची, कारण ती होडी दिसायची.

कुणीतरी तिच्यावर खडूने "हटवा" असं लिहिलं होतं. त्याने काही झालं नाही, उलट भाऊ चिडला. काम झालं ते बाबांच्या जुन्या खलाशामुळे, तो घरी येऊन बसला, चहा घेतला आणि आईला म्हणाला वहिनी, तिला अशी कुजत ठेवणं नाखव्याला आवडलं नसतं. मग त्यानेच चुलत्याला पण समजावलं. नारळ फोडून होडी मोडली, चांगलं लाकूड दुसऱ्याच्या दुरुस्तीला दिलं, नाळेवरची नावाची फळी आमच्या घरात भिंतीला आहे.

म्हणून सांगते, नंबर मिळाला की नोटीस जायच्या आधी त्या घरी जा. रिकाम्या हाताने आणि फोटो न दाखवता जा. काही घरात माणूस आजारी असेल, काही घरात कर्ज असेल, काहींना खरंच वाटत असेल की मोडायचा खर्च आपल्याला परवडणार नाही म्हणून ते गप्प आहेत. तुम्ही खर्चात हात लावतो म्हणालात तर सातातल्या चार जणांचा तरी होकार येईल, मला खात्री आहे.

तिवरातला_पक्षी:

वरचे दोन्ही रिप्लाय सोन्यासारखे आहेत. मी फक्त जागेबद्दल बोलतो कारण तुमची जेट्टी जिथे आहे तिथे हा मुद्दा पुढे येणारच.

ऐरोली पूल आणि वाशी पुलाच्या मधली खाडी म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ चं, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा, पण मिळालाय. तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा सोडायचा हा हायकोर्टाचा २०१८ चा निकाल आहे. त्यामुळे चांगल्या हेतूने पण जेसीबी घेऊन तिवरात घुसू नका, रस्ता करायला दहा झाडं पाडली तर गुन्हा तुमच्यावर. आधी वनखात्याच्या कांदळवन (तिवरांच्या) कक्षाला पत्र द्या, त्यांचा माणूस बरोबर असला की काम निवांत होतं. ज्या होडीतून तिवर वर आलंय तिला तर मी म्हणेन तूर्त राहू द्या, इंजिन, बॅटरी, दोर, जाळी एवढं काढा आणि लाकडी असेल तर ती तिथेच मातीत जाईल. फायबरची असेल तर मात्र नाही, फायबर कुजत नाही, फक्त उन्हाने चिरफळ्या होऊन बारीक काच खाडीत जाते, तीच चिखलातून निवट्या-चिंबोऱ्यांच्या पोटात.

फायबरचा दुसरा त्रास म्हणजे त्याला भंगारवाला घेत नाही. इंजिन, शाफ्ट, पितळेचा पंखा (प्रोपेलर) लोक काढून नेतात आणि कवटी सोडून देतात, तुमच्याकडच्या होड्यांना पंखे आहेत का बघा, मला वाटतं नसतील. फ्रान्समध्ये २०१९ पासून बोट बनवणाऱ्यांच्या पैशातून जुन्या बोटी मोडायची सोय आहे, आपल्याकडे तसं काही नाही आणि ते व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण आज लाकडाच्या जागी सगळीकडे फायबर आलंय आणि वीस-पंचवीस वर्षांनी या सगळ्याच होड्या कुणाच्या तरी काठावर पडणार आहेत.

कापायची वेळ आली तर खाडीत कापू नका. वर ओढून, खाली ताडपत्री घालून, पाणी मारत मारत कापा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजेच. ती पांढरी धूळ म्हणजे काच असते, छातीत जाते. जाळलं तर त्याहून वाईट, काळा धूर गावातच बसतो.

आणि तारीख. नोव्हेंबर ते मे पक्षी असतात, तेव्हा खाडीत गोंगाट नको. जून-जुलै मासेमारी बंदीत चालू होड्या पण काठावर झाकून ठेवलेल्या असतात, त्यातली एखादी चुकून बेवारस यादीत जायची. म्हणून यादी नारळी पौर्णिमेनंतर करा, जी होडी तेव्हाही पाण्यात उतरली नाही ती खरी पडीक.

नाखवा_दिघा:

वर ओढायचं कसं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रुतलेली होडी ताकदीने ओढायला जाऊ नका, खुंट नाहीतर होडी काहीतरी तुटतं. पूर्ण ओहोटीला जा, आतला चिखल पाट्यांनी काढा, भोकं लाकडाच्या खुंट्या आणि गोणपाटाने बुजवा, मग दोन्ही बाजूंना दोनशे लिटरचे रिकामे ड्रम घट्ट बांधा, झाकणं नीट लावलेली, बाजूला तीन-तीन तरी. नायलॉनचा दोर पाण्यात ढिला पडतो त्यामुळे ओला करूनच आवळायचा. चिखल होडीचा तळ धरून ठेवतो, तो सोडवायला तळाखालून एक दोर करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. एवढं झालं की उधाणाच्या भरतीची वाट बघा, पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस. भांगाच्या दिवसात, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तेव्हा, नाही उठणार. पाणी चढलं की ती आपोआप सुटते, दुसऱ्या होडीने हळू ओढत उताराला आणायची, तिथून हायड्रा क्रेन. आम्ही अशी तेहतीस फुटी काढलीय, सहा माणसं, एक भरती.

खाडीकाठचा_पोर:

सगळ्यांचे खूप आभार, आणि ताई तुमचे जास्त. तुमचा रिप्लाय मी काकांना वाचून दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

रविवारी ओहोटीला आम्ही पाच जण गेलो. रॉकेलच्या फडक्याने चार नंबर निघाले, तीन होड्यांवर काहीच नाही. पंखा एकीलाही नाही, बरोबर बोललात. चॅनेलमधल्या होडीचा नंबर वाचला आणि काकांनी तिथेच ओळखलं, त्यांच्याबरोबर पूर्वी डोल (खुंटाला बांधायचं मोठं जाळं) लावायला जाणाऱ्या एकाची होडी. ते वारलेत, मुलगा कळव्याला राहतो. संध्याकाळी मी आणि काका गेलो. मुलगा म्हणाला मला वाटलं ती कधीच वाहून गेली. घासल्याचं काकांनी सांगितलंच नाही. त्याने साध्या कागदावर लिहून दिलं की होडी काढायला हरकत नाही, वारसांत आईची आणि बहिणीची सही पण घेऊन देतो म्हणाला.

त्या कागदाची प्रत जोडून "जलमार्गातील अडथळा" असा अर्ज काल दिला, पोच मिळाली. कांदळवन कक्षाला पण पत्र गेलं. परवानगी आली तर पुढच्या अमावास्येच्या उधाणाला काढायची. ड्रम चार मिळालेत, अजून दोन कमी पडतायत. दिघा, ऐरोली, रबाळे बाजूला कुणाकडे झाकणवाले असतील तर सांगा, टेम्पो आमचा आहे.