मदत हवी आहे: हातानं चालणारी बॅकअपची ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) चालत नाही

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं पंप आणि मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आत शिरलं तेव्हा संगणक टेबलाखाली होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही गेलं. पुढं शिये, वडणगेकडची गिऱ्हाइकं स्वतःहून येऊन "एवढे द्यायचे राहिलेत" असं सांगून गेली, त्यावर वडिलांनी उधारीचा हिशेब पुन्हा मांडला. असं परत घडू द्यायचं नाही, म्हणून ही सगळी धडपड.

आता संगणक माडीवर आहे. सिस्टम उबुंटू (लिनक्स), हिशेबाचा डेटाबेस पोस्टग्रेस. रोज संध्याकाळी पावणेआठला पीजी-डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढायचा, जीझिपनं दाबून लहान करायचा, फाइलच्या नावात तारीख घालायची आणि आरसिंकनं (फाइली दुसऱ्या मशीनवर उतरवणारा प्रोग्राम) कळंब्याच्या घरच्या मशीनवर पाठवायचा. सगळं क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, एकाच ओळीत लिहिलंय. तीच ओळ टर्मिनलमध्ये चालवली की फाइल तयार होते. क्रॉनमधून काहीच नाही, रिकामी फाइलसुद्धा नाही. पासवर्डची फाइल केलीय, तिची परवानगी ६०० आहे, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते. सिसलॉगमध्ये (सिस्टमची नोंदवही) एवढंच दिसतं: "नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट" (मेल पाठवणारा प्रोग्राम नाही, आउटपुट टाकून देतोय).

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की आम्ही माल वर चढवायला लागतो. त्या धावपळीत बॅकअपकडं बघायला कुणी नसतं. पावसाळ्याआधी हे आपोआप व्हायला हवं. कुठं चुकतंय?

प्रतिसाद १
दादा, तारखेसाठी % वापरलाय ना? क्रॉनटॅबमध्ये % म्हणजे ओळ तिथंच संपली, पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. तुमची कमांड अर्धीच चालते, तारखेच्या कमांडचा कंस उघडाच राहतो. सिसलॉगमधला तो संदेश म्हणजे क्रॉनला काहीतरी सांगायचं होतं, पण मेल पाठवायची सोयच नाही, म्हणून चूक फेकून दिली. प्रत्येक % च्या आधी \ लावा. त्यापेक्षा सगळं बॅश स्क्रिप्टमध्ये हलवा, तिथं % ला हात लावावा लागत नाही. क्रॉनच्या ओळीत फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या आणि आउटपुट, चुका दोन्ही लॉग फाइलमध्ये वळवा.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल (जोडलेल्या कमांडांपैकी एक फसली तरी चूक कळवणारी सोय) चालू करा, हे विसरू नका. नाहीतर डम्प फसला तरी जीझिप नीट संपतो आणि स्क्रिप्टला वाटतं काम झालं.

प्रतिसाद २
आरसिंकला डिलीटचा पर्याय (इथं नसलेल्या फाइली तिकडंही पुसणारा) दिला असेल तर काढा. दुकानातलं फोल्डर चुकून रिकामं झालं तर घरची प्रतही पुसली जाईल. एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणीच्या) किल्लीला पासफ्रेज, म्हणजे तिचा पासवर्ड, असेल तर क्रॉनमध्ये ती टाकणार कोण? या कामापुरती वेगळी किल्ली करा. आणि पावणेआठला वीज गेली असेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही. क्रॉनऐवजी सिस्टमडीचा (लिनक्सचाच, कामं सुरू करणारा भाग) टायमर लावून त्यातला पर्सिस्टंट पर्याय चालू ठेवा, मशीन सुरू झाल्यावर राहिलेलं काम होईल.

धागाकर्ता
% च होता! चार दिवस मी परवानग्याच तपासत बसलो होतो. डिलीटही दिलेलं होतं, काढलं. स्क्रिप्ट केली, काल संध्याकाळी घरच्या मशीनवर फाइल आली. आज ती रिकाम्या डेटाबेसमध्ये भरली आणि वडिलांना शेजारी बसवून उधारीची यादी वहीशी ताडून पाहिली. सगळी नावं जुळली. दोघांचेही मनापासून आभार. टायमर रविवारी लावतो, अडलो तर इथंच विचारतो.