मदत हवी आहे: जुन्या मराठी वृत्तपत्रांतून परक्यांबद्दलचा आकस कसा मोजावा?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात समाजशास्त्रात एम. ए. करतोय. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे आले, जरीपटक्यात वसले. त्यांच्याबद्दल शहर काय लिहीत होतं आणि ते लिहिणं १९४७ ते १९७० पर्यंत कसं बदललं, हे लघुप्रबंधात तपासायचंय. स्थानिक मराठी वृत्तपत्रांची स्कॅन केलेली पानं मिळालीत, टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारं सॉफ्टवेअर) मजकूर काढतोय.

पद्धत निखिल गर्ग आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासावरून घेतली. त्यांनी शंभर वर्षांच्या इंग्रजी मजकुरावर दशकवार वर्ड एम्बेडिंग (शब्द कोणत्या शब्दांच्या सोबत येतो यावरून त्याला आकड्यांत मांडण्याची पद्धत) वापरून आशियाई आडनावांजवळ कोणती विशेषणं येतात ते पाहिलं. अमेरिकेत १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आशियाई स्थलांतर वाढलं, तशी ती विशेषणंही बदलत गेलेली दिसली.

मराठीत मात्र अडतोय. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम नेमके माझ्या काळाच्या मध्ये येतात. आधी 'नाहीं', 'त्यांनीं', 'गांव', पुढे अनुस्वार गेले. मजकूर तसाच दिला तर लेखन बदललं की समाज, हे कळणारच नाही. सरसकट अनुस्वार काढावेत तर 'निर्वासितांना'मधलाही जातो. शिवाय निर्वासितांना, निर्वासितांच्या, निर्वासितांकडून हे संगणकाला तीन वेगळे शब्द. मजकूर मुळात थोडा, तोही असा विखुरतो. फास्टटेक्स्ट हे वर्ड एम्बेडिंगचं साधन शब्दांचे तुकडे पाडून शिकतं, त्याने भागेल का?

खरी काळजी पुढची आहे. निर्वासितांच्या बातमीत छावणी, रेशन, जागेची टंचाई हे शब्द येणारच. ती परिस्थिती झाली, द्वेष नव्हे. या दोन्ही गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या? त्याच पानांवरच्या गिरणी कामगारांबद्दलच्या मजकुराशी तुलना करावी असं मनात आहे, पण ती तुलना न्याय्य ठरेल का? एल३क्यूब या गटाचा महाहेट हा मराठी द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्यासाठीचा डेटासेट पाहिला. तो ट्विटरवरचा, आजच्या भाषेतला. जुन्या अग्रलेखात शिव्या नसतात. स्थानिकांच्या हिताची काळजी वाहत, अगदी सभ्य भाषेत दुसऱ्याला दूर ठेवलेलं असतं. मला तेच पकडायचंय, कारण एका अख्ख्या शहरावर ठपका ठेवायचा किंवा त्याला निर्दोष म्हणायचं, तर पुरावा तेवढा भक्कम हवा.

म्हणून काही उतारे दोघांनी स्वतंत्रपणे वाचून खुणा करायच्या आणि कॅपा (दोघांचं मत योगायोगापलीकडे किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढून त्यांचं किती जुळतं ते बघायचं, असं ठरवलंय. त्यातली एक व्यक्ती सिंधी घरातली असावी असं फार वाटतं. नागपुरात कुणी तयार असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि १९६२ आधीचं लेखन नव्या वळणावर आणणारी एखादी स्क्रिप्ट कुणाकडे आहे का?