रिकव्हरी डीव्हीडी दुसऱ्या मशीनवर? नको
जुन्या लॅपटॉपची रिकव्हरी डीव्हीडी (विंडोज परत टाकायला कंपनी देते ती डिस्क) भावाच्या डेस्कटॉपवर वापरायचं म्हणताय, पण बहुतेक वेळा जमत नाही. मी हा उद्योग करून बसलोय. पाऊण तास डिस्क घरघरली आणि शेवटी 'हे मशीन या डिस्कसाठी नाही' अशा अर्थाचा मेसेज! कंपनीची डिस्क बऱ्याचदा बायोसमधली (मशीन सुरू होताना आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मॉडेलची ओळख तपासते. चाललीच, तरी भलत्याच मॉडेलचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) गळ्यात. शिवाय लॅपटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स त्याच्याच मदरबोर्डला बांधलेलं असतं.

त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, ते विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवून देतं; ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डेस्कटॉप विंडोज १० घेऊनच आला असेल तर विंडोजची की (लायसन्सचा कोड) सहसा मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच असते, टाइप करावी लागत नाही. पेनड्राइव्हवरचे फोटो मात्र आधी काढून घ्या, तो पूर्ण पुसला जातो.