मदत हवी आहे: 30 इंची बेस गिटारची ई तार (सगळ्यात जाड) लुळी पडतेय

राम राम मंडळी, जळगावहून विचारतोय. माझी बोटं आखूड, 34 इंची लांब तारेच्या बेसवर पहिल्या फ्रेटपर्यंत (नेकवरची धातूची पट्टी) ताण पडायचा म्हणून स्वस्तातला सेकंडहँड शॉर्ट स्केल (आखूड तारेचा) बेस घेतला, वाजवायला मजा येते पण ई तार पार लुळी, जोरात छेडली की फ्रेटवर खडखडते. 105 ची (0.105 इंच जाड) फ्लॅटवाउंड (वर सपाट पट्टी गुंडाळलेली) तार लावू का? 34 इंचीचा सेट कापून लावला तर जाड भाग खुंटीवर गुंडाळताना तुटतो म्हणे, खरंय का भो? पिकअप (तारेची कंपनं पकडणारा भाग) सिंगल कॉइल म्हणजे एकाच वेटोळ्याचा, लाइट लावली की गुणगुण, आत तांब्याची टेप चिकटवून ग्राउंडला जोडणारे. आणि मे महिन्यात इथल्या भट्टीत नेक (गिटारची मान) वाकते, ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक सरळ करायची सळई) घरीच फिरवू का? पाव फेऱ्याच्या वर हिंमत होत नाही.